महानगरी दैनिकाचा लोप आणि मालवणचा वाचक

वृत्तपत्रांचा इतिहास मराठीत बहुधा जन्ममृत्यूंच्या नोंदवहीसारखा लिहिला जातो. अमुक पत्र अमुक साली निघाले, अमुक साली बंद पडले, मध्यंतरी त्याचे संपादक अमुक होते, एवढे सांगितले म्हणजे इतिहासकाराचे कर्तव्य संपले, असा समज रूढ झालेला दिसतो. मुंबई-पुण्याच्या दैनिकांपुरती ही नोंदवही चांगलीच भरगच्च आहे. पुण्याचा ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ साली निघाला, १९०४ साली दैनिक झाला आणि शतक ओलांडून १९५१ साली थांबला. फेरोजशहा मेहता ह्यांनी १९१३ साली काढलेले ‘बॉम्बे क्रॉनिकल’ १९५९ साली बंद झाले. आचार्य अत्रे ह्यांचा ‘मराठा’ नोव्हेंबर १९५६ मध्ये अवतरला आणि त्यांच्या निधनानंतर फार काळ तगला नाही. अलीकडील पृष्ठांवर तर नोंदी अधिकच दाट होत जातात. बेहराम कॉन्ट्रॅक्टर ह्यांनी १९८५ साली काढलेले ‘आफ्टरनून’ हे सायंदैनिक २०१९ साली बंद झाले, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ‘डीएनए’ची मुंबईतील छपाई थांबली, आणि डिसेंबर २०२० मध्ये ‘मुंबई मिरर’चे दैनिक रूप संपले.

ही नोंदवही उपयुक्त आहे ह्यात शंका नाही. परंतु तिच्यात एक दोष आहे, आणि तो सामान्य नव्हे. ती केवळ नावांचे मृत्यू नोंदवते. ‘नवाकाळ’, ‘लोकसत्ता’, ‘महाराष्ट्र टाइम्स’ ही दैनिके आजही निघत आहेत; तेव्हा नावांकडे पाहणारा अभ्यासक असे म्हणेल, की इंग्रजी सायंदैनिकांचे काहीही होवो, मराठी दैनिकाला धोका नाही. वस्तुतः ‘महानगरी दैनिक’ ह्या संज्ञेचा अर्थ केवळ महानगरात छापलेले दैनिक एवढाच नव्हता. महानगरात लिहिला गेलेला, आणि वाचणारा परळच्या चाळीत असो की वेंगुर्ल्याच्या पेढीवर, त्या सर्वांसाठी अक्षरशः एकच असलेला छापील ताव, असा त्याचा अर्थ होता. ही वस्तू, नावे जिवंत असतानाच, नाहीशी झाली आहे. ती केव्हा नि कशी नाहीशी झाली हे मुंबईत बसून नीट दिसत नाही. रोग हृदयाचा असला तरी वैद्य नाडी मनगटावर पाहतो. मुंबईपासून सुमारे ५०० किलोमीटरवर, टपालाच्या वाटेच्या शेवटच्या टोकाला असलेला मालवणचा किनारा, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग जिल्हा, हे असे मनगट आहे.

ह्या किनाऱ्याचा मराठी वृत्तपत्राशी असलेला संबंध तसा मुळारंभापासूनचा आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर हे आजच्या देवगड तालुक्यातील पोंभुर्ले गावचे. महाराष्ट्रात हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळला जातो आणि त्या निमित्ताने बाळशास्त्र्यांच्या बुद्धिमत्तेचे गुणगान प्रतिवर्षी होते. ‘दर्पण’च्या पृष्ठरचनेकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. पृष्ठावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजी आणि एक मराठी. हे पत्र प्रारंभापासूनच दोन वेगवेगळ्या जनसमूहांना एका पृष्ठावर समोरासमोर बसवण्याचा उद्योग करीत होते. राज्यकर्त्यांना एतद्देशीयांचे मन कळावे आणि एतद्देशीयांना पाश्चात्त्य विद्यांचा परिचय व्हावा, हा हेतू त्या मांडणीतूनच प्रकट होत होता. ग्राहक थोडे, आश्रय तुटपुंजा, म्हणून १८४० साली ‘दर्पण’ बंद पडले. ते दैनिक नव्हते हे खरे. परंतु परस्परांना न भेटणाऱ्या वाचकांना एक पृष्ठ वाटून द्यायचे, ही महानगरी वृत्तपत्राची मूळ कल्पना तेथे सिद्ध झालेली आहे. पुढील सव्वाशे वर्षांत इंग्रज आणि एतद्देशीय ह्यांच्या जागी अनेक जोड्या आल्या: गिरणीमालक आणि कामगार, पुणेकर आणि मुंबईकर, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची जोडी म्हणजे मुंबईतला चाकरमानी आणि गावी राहिलेले त्याचे घर.

ह्या जोडीमधले अंतर आगबोट तोडीत असे. मुंबईहून निघालेली बोट विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत दक्षिणेकडे जाई. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू व टपाल पडावांतून किनाऱ्यास लागत. पावसाळ्यात बंदरे बंद झाली की सारी भिस्त घाटवाटांवर येई. वृत्तपत्र आणि मनीऑर्डर ही दोन्ही ह्याच टपालातून येत, आणि दोन्ही उशिरा येत. मुंबईत सोमवारी पहाटे छापलेला अंक मालवणात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, आणि आषाढात त्याहूनही उशिरा, हाती पडणे ही नित्याची गोष्ट होती. वृत्तपत्राच्या इतिहासात ह्या विलंबाचा उल्लेख अडचण म्हणून होतो. तो केवळ अडचण होता काय, हा येथे उपस्थित करावयाचा प्रश्न आहे.

तीन दिवसांनी हाती आलेल्या दैनिकात बातमी शिळी झालेली असते. बाजारभाव बदललेला असतो, सभा होऊन गेलेली असते. अशा अंकात ताजे राहते ते काय? अग्रलेख राहतो, मृत्युलेख राहतो, वाचकांचा पत्रव्यवहार, स्फुटे, रविवारच्या पुरवणीतील लेख राहतात. म्हणजे ज्या मजकुराची किंमत वार्तेवर नसून विवेचनावर आणि शैलीवर अवलंबून आहे, तेवढाच मजकूर दूरच्या वाचकाच्या दृष्टीने खऱ्या अर्थाने वाचनीय ठरतो. ज्या किनाऱ्यावर भाद्रपदात बांगडा ताजा खाल्ला जातो आणि पावसाळ्याच्या बेगमीसाठी तोच खारवून ठेवला जातो, तेथे हा भेद समजावून सांगण्याची गरज नसावी. खारवण्याच्या मासळीची निवड वेगळी असते आणि मिठाचे प्रमाणही वेगळे असते. मराठी दैनिकांच्या गद्याने हे मीठ फार लवकर ओळखले होते, आणि विलंबाने वाचणारा, एकाने वाचावे व दहांनी ऐकावे अशा रीतीने वाचणारा, वाचून झाल्यावरही अंक जपून ठेवणारा वाचक ही ह्या गद्याच्या घडणीमागची एक प्रेरणा होती, असे मानण्यास जागा आहे.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर ह्यांचे उदाहरण घेता येईल. ‘केसरी’ सोडल्यानंतर १९२१ साली मुंबईच्या ‘लोकमान्य’चे संपादकत्व आणि ७ मार्च १९२३ पासून स्वतःचा ‘नवाकाळ’, असा त्यांचा दैनिकातील प्रवास झाला. हा मूळचा नाटककार. ‘कीचकवध’ लिहिणाऱ्या लेखणीने दैनिकात प्रवेश केला तेव्हा तिने युक्तिवादाची मांडणी अंकप्रवेशांसारखी केली, पूर्वपक्ष एखाद्या पात्रासारखा रंगभूमीवर आणला आणि मग त्याचा पाडाव केला. असे लेखन दोन दिवस उशिरा वाचल्याने उणे होत नाही. अच्युतराव कोल्हटकरांच्या ‘संदेश’ने १९१५ पासून ह्याच्या अगदी उलट वाट चोखाळली; चटकदारपणा, घरगुती संभाषणाचा सूर, ‘वत्सलावहिनीं’सारखी मानलेली पात्रे. त्यांच्यावर उथळपणाचा आरोप त्या काळीही झाला आणि तो सर्वस्वी खोटा नव्हता. तरीही वाचकाला पत्राची सवय लावण्याचे जे कार्य कोल्हटकरांनी केले ते विद्वान संपादकांना साधले नव्हते, हे मान्य केले पाहिजे.

‘मराठा’ हे ह्या परंपरेचे शिखर, आणि तिच्या दुबळेपणाचेही उत्तम प्रमाण. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत हे पत्र जन्मास आले. अत्र्यांचे गद्य मूलतः वक्त्याचे गद्य आहे: पुनरुक्ती, चढती भाजणी, अतिशयोक्ती, वाक्याच्या शेवटी बसणारा तडाखा. मूकवाचनात ह्या गद्याचा दोष चटकन जाणवतो. मोठ्याने वाचले की तोच गुण होतो. समुदायाने ऐकण्याची रीत असलेल्या गावांत ते गद्य आपल्या स्वाभाविक माध्यमात पोहोचत होते. १९५७ च्या सार्वत्रिक निवडणुकीत वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. ह्या विजयाचे श्रेय एखाद्या पत्रास देणे भाबडेपणाचे होईल. तथापि गिरणगावातील चाळ आणि किनाऱ्यावरील वाडी ही दोन्ही एकाच आवेशाने, एकाच शब्दांत बोलू लागली होती, त्यामागे समान वाचन होते हे नाकारता येणार नाही. अर्थात एका व्यक्तीच्या कंठावर उभे असलेले पत्र त्या कंठाबरोबरच मूक होते. १३ जून १९६९ रोजी अत्रे गेले, आणि ‘मराठा’ला पुन्हा स्वतःचा आवाज सापडला नाही. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’पासून शिवरामपंत परांजप्यांच्या ‘काळ’पर्यंत ही एकखांबी तंबूची रचना मराठी पत्रसृष्टीला नडत आलेली आहे. ‘लोकसत्ता’ आणि ‘महाराष्ट्र टाइम्स’ ह्यांनी मोठ्या इंग्रजी पत्रसमूहांच्या आश्रयाने ही उणीव भरून काढली. गोविंद तळवलकरांसारखा संपादक १९६८ पासून १९९६ पर्यंत एका आसनावर राहू शकला तो ह्या स्थैर्यामुळेच. परंतु पत्र संस्थेचे झाले की संस्थेचा हिशेबही त्याला लागू होतो, आणि ह्या हिशेबात शेवटच्या टोकाचा वाचक नेहमीच महाग पडतो.

ह्या दैनिकांनी किनाऱ्याकडून घेतले काय, हेही पाहिले पाहिजे. वाचक घेतले, तशी माणसेही घेतली. जयवंत दळवी हे आरवलीचे. त्यांची उमेदवारी ‘प्रभात’ आणि ‘लोकमान्य’ ह्या मुंबईच्या दोन दैनिकांत झाली. आज ह्यांपैकी एकही अस्तित्वात नाही. उपसंपादकाचे काम तसे नीरस: इंग्रजी तारांचे घाईघाईने भाषांतर करायचे, मथळा बेतायचा, जुळाऱ्यांकडून आलेली मुद्रिते तपासायची, आणि जागा कमी पडली की मजकूर निर्दयपणे छाटायचा. ह्या कारखान्यातील भाषांतरित मराठीने भाषेची हानी केली अशी तक्रार प्राध्यापकवर्गाकडून अनेकदा झाली आहे, आणि ती निराधार नाही. परंतु दुसरी बाजूही विचारात घ्यावयास हवी. ‘सारे प्रवासी घडीचे’ ह्या पुस्तकात दळवींनी गावाकडची माणसे उभी केली आहेत. त्यांतील व्यक्तिरेखा मोजक्या तपशिलांत उभी राहते, भाष्य वाक्याच्या ओघात येऊन निघून जाते, आणि विनोद संपला की लेखक तेथे रेंगाळत नाही. हा हात सर्वस्वी वृत्तपत्राने घडवला असे म्हणणे अतिव्याप्त ठरेल. पण स्तंभाची लांबी ठरलेली असते हे ज्याने रोज अनुभवले आहे त्याचाच हा हात आहे, एवढे खास. गाव आरवली, शाळा मुंबईची वृत्तपत्र-कचेरी, आणि विषय पुन्हा गाव. हे वर्तुळ महानगरी दैनिकामुळे पुरे होत असे. शिरोड्यास १९२० ते १९३८ ह्या काळात शिक्षक असलेल्या वि. स. खांडेकरांचा सावंतवाडीच्या ‘वैनतेय’ साप्ताहिकाशी असलेला संबंध पाहिला म्हणजे किनाऱ्याला स्वतःची पत्रे नव्हती असे कोणी म्हणणार नाही. परंतु ह्या साप्ताहिकांचे क्षेत्र आणि दैनिकाचे क्षेत्र ह्यांत स्पर्धा नव्हती. साप्ताहिक गावाला गावाविषयी सांगे; दैनिक गावाला उर्वरित जगात बसवून दाखवी.

मग हे दैनिक लोप पावले कसे? सामान्यतः दिले जाणारे उत्तर असे, की आधी दूरचित्रवाणीने आणि नंतर मोबाइल फोनने ते मारले. अमेरिकेतील अनुभव ह्या उत्तराच्या पुष्ट्यर्थ पुढे केला जातो. डेन्व्हरचे ‘रॉकी माउंटन न्यूज’ १८५९ साली निघालेले. दीडशे वर्षे पुरी होण्यास दोन महिनेही उरले नसताना फेब्रुवारी २००९ मध्ये ते बंद झाले. तेथील दैनिकांचा पाया छोट्या जाहिरातींच्या उत्पन्नावर होता. त्या जाहिराती संगणकाच्या जाळ्यावर गेल्या आणि पाया खचला. ही उपपत्ती तेथे लागू पडते. ती जशीच्या तशी उचलून मुंबईस लावणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा घालणे होय. मुंबईतील मराठी दैनिकाची किंमत निर्मितिखर्चापेक्षा कमी ठेवलेली असते, त्याचा डोलारा मोठ्या व सरकारी जाहिरातींवर उभा असतो, आणि त्यांपैकी अनेक दैनिके अद्याप विकली जात आहेत. येथे मृत्यू वेगळ्या प्रकारचा आहे, आणि मालवणच्या किनाऱ्यावर तो फोन येण्यापूर्वीच घडून गेला होता.

तो घडला जिल्हा-आवृत्तीच्या रूपाने. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. नंतरच्या दोन दशकांत ऑफसेट छपाई सर्वत्र पसरली, तयार पृष्ठ तारेवरून दूरच्या छापखान्यात पाठवण्याची सोय झाली, आणि २६ जानेवारी १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्णपणे खुली झाली. कोल्हापूर आणि बेळगाव ही शहरे किनाऱ्याला मुंबईपेक्षा कितीतरी जवळ. कोल्हापूरचा ‘पुढारी’ आणि बेळगावचा ‘तरुण भारत’ घाट उतरून येणे स्वाभाविकच होते. मुंबई-पुण्याच्या पत्रांनीही जिल्ह्याची पाने काढली. ज्या वाचकाला तीन दिवसांचा शिळा अंक मिळत होता त्याला आता सकाळच्या चहाबरोबर अंक मिळू लागला, आणि त्यात त्याच्या तालुक्याचे नाव, त्याच्या ग्रामपंचायतीचा ठराव, त्याच्या शाळेचा निकाल दिसू लागला. ह्या बदलाची कुचेष्टा करणे अन्यायाचे होईल. शंभर वर्षे ज्याने दुसऱ्याच्या बातम्या वाचल्या त्याला स्वतःची बातमी वाचण्याचा अधिकार आहे. पूर्वीच्या महानगरी दैनिकात मालवणला जागा मिळे ती वादळ, अपघात, निवडणूक किंवा पर्यटन ह्या निमित्तांनीच, हे स्पष्टपणे नमूद केले पाहिजे. भाषेच्या बाबतीतही तसेच. ‘वस्त्रहरण’ १९८० साली रंगभूमीवर आले आणि मालवणी बोली मुंबईच्या दैनिकांतील नाटकांच्या जाहिरातींत ठसठशीत अक्षरांत झळकू लागली. आतील पृष्ठांवर ती अग्रलेखाची भाषा कधी झाली नाही. जिल्हा-आवृत्तीनेही तिला तो मान दिला नाही. तिने तर प्रसिद्धिपत्रकाची मराठी पसंत केली, जी मुंबईचीही नव्हे आणि मालवणचीही नव्हे.

परंतु ह्या लाभाबरोबर जे गेले त्याचा हिशेब मांडलेला नाही. जिल्ह्याचे पान जिल्ह्यातच वाचले जाते. मुंबई-गोवा महामार्गावर खारेपाटण ही जिल्ह्याची उत्तर सीमा. तेथे पान बदलते. किनाऱ्यावरील पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक नौका ह्यांमधील संघर्ष घ्यावा. मालवणच्या रापणकरांच्या दृष्टीने हा पोटाचा प्रश्न आहे, आणि तो मालवणात सुटणारा नाही. सागरी मासेमारी नियमनाचा कायदा १९८१ चा, म्हणजे जिल्ह्याच्याच वयाचा. पर्ससीन मासेमारीवर कालमर्यादा व क्षेत्रमर्यादा घालणारा शासनाचा आदेश फेब्रुवारी २०१६ चा. दोन्ही मुंबईत तयार झाले. प्रश्न समुद्रात, निर्णय मंत्रालयात, आणि त्याविषयीचे बहुतेक लेखन खारेपाटणच्या अलीकडे थांबणाऱ्या पृष्ठावर. ज्याने निर्णय घ्यायचा, अथवा घेणाऱ्यावर दडपण आणायचे, त्या मुंबईकर वाचकासमोर ते पृष्ठ येतच नाही. ‘दर्पण’ने दोन स्तंभ एका पृष्ठावर आणले होते, आवृत्त्यांच्या पद्धतीने ते दोन स्तंभ कापून दोन वेगळ्या गठ्ठ्यांत घातले.

ह्याच काळात मुंबईच्या बाजूनेही धागा तुटत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि संप कधी रीतसर मिटलाच नाही. गिरण्या गेल्या, गावमंडळांच्या खोल्या रिकाम्या झाल्या, चाकरमानी विरार, नालासोपारा, डोंबिवली, बदलापूर असा उत्तरेस आणि पूर्वेस पांगला. लालबाग-परळमध्ये एका अंकाभोवती बसणारे वाचकमंडळ होते. लोकलगाडीत उभ्याने प्रवास करणाऱ्याजवळ अंक उघडण्यापुरती जागाही नसते. कामगाराची मुले वाचतात, परंतु वडिलांनी वाचलेल्या कारणासाठी नव्हे. मुंबईच्या दैनिकाला कोकणाविषयी लिहिण्याचे जे व्यावसायिक कारण होते तेच अशा रीतीने नाहीसे झाले. टीकाकारांनी संपादकांच्या अभिरुचीला दोष देण्याआधी ही गोष्ट ध्यानात घेतली असती तर बरे झाले असते.

आता मूळ प्रश्नाकडे. विलंब हा केवळ अडचण होता काय? वरील विवेचनावरून असे दिसते, की महानगरी दैनिक उशिरा येत होते तोवर किनाऱ्यावर जिवंत होते, आणि वेळेवर येऊ लागले तेव्हा ते दुसरेच काही झाले. अंक पहाटे आला की बातमी ताजी राहते; बातमी ताजी राहिली की वाचक तिच्यापाशीच थांबतो; अग्रलेखाला अंकातील सर्वांत टिकाऊ मजकूर म्हणून जे स्थान होते ते जाते. फोन आला तेव्हा त्याने ताजेपणा तेवढा हिरावून घेतला, आणि ताजेपणाच एकमेव भांडवल उरले असल्यामुळे दैनिक उघडे पडले. टिकाऊपणा त्याने त्यापूर्वीच आपल्या हातांनी सोडून दिला होता. मार्च २०२० च्या अखेरीस साथीच्या भीतीने मुंबईत काही दिवस छापील अंक घरोघर पोहोचलेच नाहीत, आणि १८ एप्रिल रोजी राज्य शासनाने घरपोच वाटपास मनाई केली, ती पुढे शिथिल झाली. त्या दिवसांत अनेक घरांत पत्राची सवय मोडली हे सर्वजण सांगतात. परंतु सवय मोडल्यावर उणीव का जाणवली नाही, हा अधिक अवघड प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर साथीत सापडत नाही.

ह्याला एक विरोधी उदाहरण आहे आणि ते टाळणे योग्य होणार नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवछत्रपतींच्या पुतळ्याचे अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाच्या निमित्ताने झाले, आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो पुतळा कोसळला. त्याच दुपारी कोसळलेल्या पुतळ्याची चित्रे राज्यभर फोनवर फिरली. दुसऱ्या दिवशीच्या दैनिकाला सांगण्यासारखी बातमी उरली नव्हती. तरीही पुढील काही दिवस मुंबईच्या मुख्य पृष्ठावर आणि जिल्ह्याच्या पृष्ठावर मालवण एकाच वेळी होते, आणि काम कोणी कोणाकडे सोपवले, परवानगी कोणी दिली, धातूची व जोडणीची तपासणी कोणी केली, ह्या प्रश्नांचा पाठपुरावा करण्यात छापील पत्रांचाही वाटा होता. म्हणजे समान पृष्ठ अजूनही निर्माण होऊ शकते. मात्र ते केव्हा झाले हे पाहण्यासारखे आहे: विषय राज्याच्या राजकारणाचा झाला तेव्हा, निवडणुका तोंडावर असताना. रापणकरांच्या प्रश्नाने वर्षानुवर्षे दार ठोठावले, त्याला ते भाग्य लाभले नाही.

ह्या लोपाचा परिणाम संशोधनावरही होणार आहे, आणि तो विद्यापीठीय वर्तुळात पुरेसा ओळखला गेलेला दिसत नाही. रा. के. लेले ह्यांच्यासारख्या इतिहासकारांनी मराठी वृत्तपत्रांचा वृत्तान्त सिद्ध केला तो बांधीव फायलींच्या आधारावर. पृष्ठ एकच होते, म्हणून कोणत्याही एका ग्रंथालयातील फाईल सर्व वाचकांची साक्ष देऊ शकत होती. १९५८ सालचा ‘मराठा’ मुंबईत पाहिला काय किंवा सावंतवाडीत पाहिला काय, मजकूर तोच. ग्रंथ-प्रदानाच्या १९५४ च्या कायद्यात १९५६ साली वृत्तपत्रांचा समावेश झाला तेव्हाही, एका पत्राचा एक अंक म्हणजे एकच मजकूर, हेच वास्तव डोळ्यांपुढे होते. आवृत्त्यांच्या युगात एका नावाखाली त्याच तारखेस अनेक वेगळे अंक निघतात, आणि जतन होतो तो बहुधा मुख्य शहराचा. जिल्ह्याची पाने रद्दीच्या भावाने जातात. संगणकावरील प्रती काही काळ दिसतात आणि पत्राची मांडणी बदलली किंवा संस्थेचा हिशेब बदलला की दिसेनाशा होतात. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी येथील जुन्या वाचनालयांनी ही पाने बांधून ठेवण्याचे काम हाती घेतले तर ते कोणत्याही प्रबंधापेक्षा मोलाचे ठरेल. परंतु त्यांना जागा, मनुष्यबळ आणि अनुदान ह्यांची जी ओढाताण सोसावी लागते ती पाहता हा भार त्यांच्यावर एकट्याने टाकता येणार नाही. पर्ससीनच्या आदेशाविषयी प्रबंध लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने उद्या मुंबईच्या ग्रंथालयात फेब्रुवारी २०१६ ची फाईल मागितली, तर ती त्याला मिळेल, व्यवस्थित बांधलेली मिळेल. आणि तिच्यातील जे पृष्ठ तो उघडील, ते त्या दिवशी मालवणात कोणी वाचलेलेच नसेल.